घंटीच्या दोरीपासून संवेदकापर्यंत : ब्रिटनमधील ज्येष्ठांच्या स्वतंत्र निवासासाठीची तांत्रिक व्यवस्था (१९४८ ते २०२४) – एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

वार्धक्यात माणसाने कोठे राहावे आणि अडचणीच्या क्षणी त्याच्या हाकेला कोणी ओ द्यावी, हे प्रश्न मानवी समाजाइतकेच जुने आहेत. कृषिप्रधान समाजात त्यांचे उत्तर बहुधा कुटुंबाने दिले. औद्योगिकीकरणानंतर कुटुंबाची रचना बदलली, तरुण पिढी रोजगारासाठी स्थलांतरित झाली आणि वृद्धांची जबाबदारी काही अंशी राज्यसंस्थेकडे आली. ब्रिटन हे या स्थित्यंतराचे महत्त्वाचे उदाहरण होय. १८३४ च्या सुधारित दरिद्री कायद्यान्वये उभ्या राहिलेल्या 'वर्कहाउस' या संस्थांमध्ये निराधार वृद्धांना आसरा मिळत असे. परंतु तेथे जाणे म्हणजे प्रतिष्ठा गमावणे, अशीच सर्वसामान्यांची भावना होती.

दुसऱ्या महायुद्धानंतर कल्याणकारी राज्याची संकल्पना रुजली आणि 'वृद्धाने शक्य तितका काळ स्वतःच्या घरी राहावे' हे धोरण हळूहळू मान्यता पावले. मात्र एकट्या राहणाऱ्या वृद्धाच्या घरात रात्री-अपरात्री काही घडल्यास ते बाहेर कळणार कसे, हा प्रश्न शिल्लक राहिला. त्याच्या उत्तरादाखल प्रथम विजेची घंटी, नंतर टेलिफोनला जोडलेले गळ्यातील बटण आणि अखेरीस घरभर बसविलेले संवेदक अशी साधनांची मालिका निर्माण झाली. या मालिकेचा इतिहास सामान्यतः तंत्रज्ञानाच्या प्रगतीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु साधनाच्या दुसऱ्या टोकाला कोण होते, ते घरापासून किती अंतरावर होते आणि हाक ऐकल्यावर प्रत्यक्ष घरी कोण जात होते, या अंगाने पाहिल्यास या इतिहासाचे वेगळे चित्र समोर येते. प्रस्तुत शोधनिबंधात याच अंगाने विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) ब्रिटनमधील ज्येष्ठांच्या स्वतंत्र निवासासाठी वापरल्या गेलेल्या संपर्क साधनांच्या विकासाचे टप्पे अभ्यासणे.
२) या साधनांच्या प्रसारामागील शासकीय धोरणे व आर्थिक अपेक्षा यांचा परामर्श घेणे.
३) साधन आणि प्रतिसाद देणारी व्यक्ती यांच्यातील बदलत्या संबंधाचे विश्लेषण करणे.

संशोधन पद्धती

प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक संशोधन पद्धतीचा अवलंब केला असून कायदे, शासकीय परिपत्रके, न्यायनिर्णय, प्रकाशित वैद्यकीय चाचण्या आणि समाजशास्त्रीय ग्रंथ यांवर आधारित माहितीचा उपयोग केला आहे. अभ्यासाचा कालखंड १९४८ ते २०२४ असा मर्यादित आहे.

१. संस्थेकडून घराकडे : वॉर्डन आणि घंटी

१९४८ च्या राष्ट्रीय साहाय्य कायद्याने जुन्या दरिद्री कायद्याची व्यवस्था संपुष्टात आणली आणि निवासाची गरज असलेल्या वृद्धांची सोय करण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनाकडे सोपविली. प्रत्यक्षात मात्र अनेक ठिकाणी जुन्या वर्कहाउसच्या इमारतीच नव्या नावाने वापरात राहिल्या. पीटर टाउनसेंड या समाजशास्त्रज्ञाने इंग्लंड व वेल्समधील १७३ संस्थांना भेटी देऊन १९६२ मध्ये 'द लास्ट रेफ्यूज' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. संस्थेत माणसाची ओळख, खाजगीपणा आणि कर्तेपणा कसा हिरावला जातो याचे विदारक चित्र त्यात आढळते. तत्पूर्वी १९५७ मध्ये त्याने पूर्व लंडनच्या बेथनल ग्रीन भागातील वृद्धांच्या कौटुंबिक जीवनाचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. लेकीसुना, शेजारी आणि नातवंडे यांच्या दैनंदिन ये-जा करण्यातूनच वृद्धांचे स्वतंत्र जीवन शक्य होते, हे त्या अभ्यासातून दिसून आले होते. हे दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्यास असे लक्षात येते की, टाउनसेंडच्या दृष्टीने घर म्हणजे केवळ चार भिंती नव्हत्या. त्या घराकडे येणारी पावलेही त्यात अंतर्भूत होती.

याच काळात 'शेल्टर्ड हाउसिंग' या प्रकारच्या वसाहतींचा प्रसार झाला. लहान स्वतंत्र घरकुले, त्यांच्या शेजारीच राहणारी वॉर्डन आणि प्रत्येक घरातून तिच्यापर्यंत जाणारी घंटी, असे या वसाहतींचे सर्वसाधारण स्वरूप होते. गृहनिर्माण मंत्रालयाच्या १९६९ च्या ८२/६९ क्रमांकाच्या परिपत्रकाने अशा घरांचे दोन वर्ग ठरवून त्यांचे निकष निश्चित केले. त्यानंतर संकट-सूचनेची सोय हा या निवासप्रकाराचा नेहमीचा भाग झाला. न्हाणीघरात व पलंगाशेजारी छतापासून लोंबणारी दोरी ओढली की वॉर्डनच्या घरी घंटी वाजे.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. या व्यवस्थेत साधन अत्यंत साधे होते. प्रतिसाद देणारी व्यक्ती मात्र अवघ्या काही पावलांवर होती आणि घरातील माणसाला नावानिशी ओळखत होती. दोरी न ओढताही, सकाळी पडदा सरकवलेला दिसला नाही एवढ्यावरून तिला शंका येऊ शकत असे. म्हणजेच घंटी ही तिच्या ओळखीला पूरक होती, पर्याय नव्हती.

२. टेलिफोनचा प्रवेश : प्रतिसादकाचे दूर जाणे

१९७० च्या दशकात या व्यवस्थेत मूलभूत बदल झाला. अमेरिकेत अँड्र्यू डिब्नर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये 'लाइफलाइन सिस्टिम्स' ही कंपनी स्थापन केली. जर्मनीतही त्याच दशकात विल्हेल्म हॉर्मान याने टेलिफोनवर आधारित घरगुती संकट-सूचना यंत्रणा विकसित केली. ब्रिटनमध्ये १९८० च्या दशकात स्थानिक प्रशासनांनी अशा यंत्रणांचा मोठ्या प्रमाणावर स्वीकार केला.

या यंत्रणेचे कार्य समजून घेणे आवश्यक आहे. व्यक्तीच्या गळ्यात वा मनगटावर एक लहान रेडिओ-बटण असते. ते दाबताच टेलिफोनला जोडलेला संच आपोआप नियंत्रण कक्षाचा क्रमांक फिरवितो. कक्षातील कर्मचाऱ्यासमोर त्या व्यक्तीचे नाव, पत्ता, आजार आणि घराची किल्ली कोणाकडे आहे याची माहिती येते. संचातील ध्वनिवर्धकामुळे जमिनीवर पडलेल्या व्यक्तीशीही बोलता येते. पुढे कर्मचारी शेजारी, नातेवाईक, फिरता वॉर्डन अथवा रुग्णवाहिका यांपैकी कोणाला तरी घरी पाठवितो. पुढील काळात युरोपमध्ये ८६९.२० ते ८६९.२५ मेगाहर्ट्झ हा रेडिओपट्टा अशा सामाजिक संकट-सूचनेसाठी राखून ठेवण्यात आला.

या बदलाचा लाभ निर्विवाद होता. संकट-सूचनेच्या सोयीसाठी आता विशिष्ट वसाहतीत राहावयास जाण्याची गरज उरली नाही. वृद्ध व्यक्ती आपल्या जुन्या घरातच ती घेऊ शकत होती. एका नियंत्रण कक्षातून हजारो घरे सांभाळता येऊ लागली. परंतु त्याचबरोबर हाक ऐकणारा आणि घरी जाणारा या दोन भूमिका वेगळ्या झाल्या. ऐकणारा पगारी कर्मचारी कित्येक मैलांवर होता. जाणारी व्यक्ती मात्र बहुधा तीच जुनी होती, म्हणजे लेक, सून किंवा शेजारीण. यंत्रणेच्या हिशेबात पहिल्याचा खर्च दिसत होता, दुसरीच्या श्रमाचा उल्लेख नव्हता.

या विभाजनाचा परिणाम पुढे शेल्टर्ड हाउसिंगवरही झाला. एप्रिल २००३ मध्ये सुरू झालेल्या 'सपोर्टिंग पीपल' या अनुदान योजनेनंतर निवासाचा खर्च व आधारसेवेचा खर्च वेगळा मोजला जाऊ लागला आणि अनेक ठिकाणी निवासी वॉर्डन काढून त्याऐवजी फिरते कर्मचारी व संकट-सूचनेची यंत्रणा ठेवण्यात आली. रहिवाशांनी याविरुद्ध आवाज उठविला. बार्नेट आणि पोर्ट्समथ येथील प्रकरणांत उच्च न्यायालयाने २००९ मध्ये असा निर्णय दिला की, निवासी वॉर्डनची सेवा बंद करताना या दोन्ही प्रशासनांनी अपंगत्वविषयक समानतेचे कायदेशीर कर्तव्य योग्य रीतीने पाळले नव्हते. वृद्ध रहिवाशांना न्यायालयात जावे लागले ते एखाद्या यंत्रासाठी नव्हे, तर शेजारी राहणाऱ्या माणसासाठी, ही बाब या इतिहासात महत्त्वाची ठरते.

३. संवेदकांचे युग आणि शासनाची अपेक्षा

बटणाची यंत्रणा एका गृहीतकावर उभी होती : संकटात सापडलेली व्यक्ती शुद्धीवर असेल आणि बटण दाबेल. ही मर्यादा ओलांडण्यासाठी पुढील टप्प्यात घरालाच 'जाणीव' देण्याचे प्रयत्न झाले. १९९० च्या दशकात ब्रिटिश टेलिकॉम आणि अँकर ट्रस्ट यांनी काही वृद्धांच्या घरी राहणीमानाची नोंद घेणाऱ्या यंत्रणेची चाचणी घेतली. हालचाल टिपणारे संवेदक आणि फ्रिजच्या दारावरील संवेदक यांच्या साहाय्याने व्यक्तीच्या नेहमीच्या दिनक्रमाचे चित्र तयार करावयाचे आणि त्यात मोठा फरक पडल्यास सूचना द्यावयाची, अशी ही कल्पना होती. स्कॉटलंडमधील वेस्ट लोदियन येथील प्रशासनाने १९९९ च्या सुमारास ज्येष्ठांच्या घरांत अशी साधने व्यापक प्रमाणावर बसविण्याचा कार्यक्रम हाती घेतला.

यानंतर पडल्याची सूचना देणारे साधन, अंथरुणातून उठून व्यक्ती परतली नाही तर सूचना देणारा संवेदक, पाणी वाहून जाणे, गॅसगळती व धूर ओळखणारी साधने, तसेच स्मृतिभ्रंश झालेली व्यक्ती रात्री घराबाहेर पडल्यास सूचित करणारी साधने प्रचलित झाली. या सर्वांना मिळून 'टेलिकेअर', अर्थात दूरस्थ देखभाल, ही संज्ञा रूढ झाली.

शासनाने या साधनांकडे खर्च-नियंत्रणाचा मार्ग म्हणून पाहिले. दीर्घकालीन देखभालीवरील शाही आयोगाचा अहवाल १९९९ मध्ये सादर झाला होता आणि वृद्धांच्या देखभालीचा वाढता खर्च हा राजकीय प्रश्न बनला होता. या पार्श्वभूमीवर इंग्लंडमधील स्थानिक प्रशासनांना २००६-०७ व २००७-०८ या दोन वर्षांत टेलिकेअरसाठी एकूण ८ कोटी पौंडांचे अनुदान देण्यात आले. साधने बसविली की रुग्णालयातील दाखले घटतील आणि वृद्धाश्रमात जाणे लांबेल, अशी यामागील अपेक्षा होती.

४. चाचणीची कसोटी

ही अपेक्षा तपासण्यासाठी शासनाने 'होल सिस्टिम डेमॉन्स्ट्रेटर' ही चाचणी २००८ मध्ये न्यूहॅम, केंट व कॉर्नवॉल येथे सुरू केली. तिचे दोन भाग होते. पहिला टेलिहेल्थचा, म्हणजे दीर्घ आजार असलेल्या रुग्णांच्या रक्तदाब, रक्तशर्करा आदी मोजमापांची दुरून नोंद घेण्याचा, दुसरा टेलिकेअरचा. डिसेंबर २०११ मध्ये शासनाने प्राथमिक निष्कर्ष जाहीर केले आणि मृत्युप्रमाणात लक्षणीय घट झाल्याचे सांगितले. लगोलग ३० लाख लोकांपर्यंत ही साधने पोहोचविण्याची मोहीमही घोषित झाली. मात्र २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधानुसार मृत्युप्रमाणातील ही घट (८.३ टक्क्यांच्या तुलनेत ४.६ टक्के) टेलिहेल्थच्या गटातील होती.

टेलिकेअरच्या भागाचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात २,६०० व्यक्तींचा समावेश होता. बारा महिन्यांत टेलिकेअर मिळालेल्या गटातील ४६.८ टक्के, तर नेहमीची सेवा मिळालेल्या गटातील ४९.२ टक्के व्यक्ती रुग्णालयात दाखल झाल्या. हा फरक संख्याशास्त्रीयदृष्ट्या अर्थपूर्ण नव्हता. खर्चाच्या विश्लेषणात, उत्तम आरोग्याचे एक वर्ष मिळविण्यासाठी टेलिकेअरवर सुमारे २,९७,००० पौंड खर्च पडतो असे आढळले; ब्रिटनच्या आरोग्यव्यवस्थेत यासाठी त्या काळी सामान्यतः २०,००० ते ३०,००० पौंडांची मर्यादा योग्य मानली जात होती.

पुढे स्मृतिभ्रंश असलेल्या ४९५ व्यक्तींवर झालेल्या 'अटिला' या चाचणीचे निष्कर्षही याच दिशेचे होते. विविध संवेदकांसह पूर्ण टेलिकेअर मिळालेल्या व्यक्ती धूर-सूचक, बटण अशा मोजक्या साधनांवर राहणाऱ्या व्यक्तींपेक्षा अधिक काळ घरी राहिल्या असे १०४ आठवड्यांच्या अवधीत दिसून आले नाही.

या निष्कर्षांवरून साधने निरुपयोगी आहेत असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. एखाद्या व्यक्तीस त्यांनी दिलेला धीर अशा मोजमापात पुरेसा उतरत नाही. परंतु साधनांची संख्या वाढविल्याने माणसांची गरज घटेल, या गृहीतकास मात्र या चाचण्यांतून आधार मिळाला नाही.

५. न दाबलेले बटण

असे का घडले, याचा शोध घेताना केंब्रिज येथील एक अभ्यास उपयुक्त ठरतो. नव्वदीच्या पुढील ११० व्यक्तींचे वर्षभर निरीक्षण करून हा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात पडण्याच्या २६५ घटनांची नोंद झाली. पडलेल्या व्यक्तींपैकी २० जण एक तास वा त्याहून अधिक काळ जमिनीवर पडून होते. संकट-सूचनेची साधने अनेकांकडे होती. तरीही दीर्घकाळ पडून राहण्याच्या बहुतेक प्रसंगी ती वापरली गेली नाहीत. ही साधने ज्या प्रसंगासाठी निर्माण झाली होती, नेमक्या त्याच प्रसंगी बटण दाबले गेले नाही.

याची कारणे तांत्रिकतेपेक्षा मानवी स्वरूपाची होती. काहींच्या गळ्यात बटण नसे. काहींना आपले आपण उठता येईल असे वाटे. काहींना कोणास त्रास द्यावयाचा नसे, तर काहींना आपणास रुग्णालयात वा वृद्धाश्रमात नेतील याची धास्ती वाटे. स्वातंत्र्य राखण्यासाठी दिलेले साधन वापरल्यास स्वातंत्र्यच जाईल, अशी ही भीती होती.

लँकेस्टर विद्यापीठातील मॅगी मोर्ट व सेलिया रॉबर्ट्स यांच्या सहभागाने झालेल्या युरोपीय प्रकल्पातून याची दुसरी बाजू पुढे आली. काही वृद्ध संकट नसतानाही, केवळ दोन शब्द बोलता यावेत म्हणून, बटण दाबत. यंत्रणेच्या भाषेत हा गैरवापर होता. वृद्धांच्या दृष्टीने तो संवाद होता. टेलिकेअरमुळे देखभालीचे काम कमी होत नाही, तर ते वेगवेगळ्या व्यक्तींमध्ये नव्याने वाटले जाते, हे या अभ्यासातून स्पष्ट झाले. ट्रिशा ग्रीनहॅल्घ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीही २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखविले की, घरातील साधन उपयोगी पडते ते बहुधा कोणी तरी आप्त ते त्या व्यक्तीच्या सवयींनुसार जुळवून घेतो तेव्हा.

६. तांब्याच्या तारेचा अस्त

या व्यवस्थेचे परावलंबित्व अनपेक्षित रीतीने उघड झाले ते टेलिफोनच्या जाळ्यातील बदलामुळे. जुन्या तांब्याच्या तारेतून आवाजाबरोबरच वीजही एक्स्चेंजकडून येत असे. त्यामुळे घरातील वीज गेली तरी साधा टेलिफोन चालू राही. इंटरनेटवर आधारित नव्या सेवेत मात्र घरातील राउटरला घरचीच वीज लागते. शिवाय जुने संच नियंत्रण कक्षाला जे सूरसंकेत पाठवितात, ते नव्या जाळ्यातून जाताना बिघडण्याचा संभव असतो. नियामक संस्था ऑफकॉमने २०१८ मध्ये, लँडलाइनवर अवलंबून असणाऱ्या ग्राहकांना वीज गेल्यावर किमान एक तास आपत्कालीन क्रमांकाशी संपर्क साधता येईल अशी सोय करावी, असे मार्गदर्शन केले.

जुने जाळे २०२५ अखेर बंद करण्याचे उद्योगक्षेत्राने ठरविले होते. परंतु २०२३ मध्ये, जोडणी बदलल्यानंतर टेलिकेअरची साधने निकामी ठरल्याच्या गंभीर घटना समोर आल्या. त्या वेळी देशात सुमारे १८ लाख व्यक्ती टेलिकेअर वापरत असल्याचे शासकीय अनुमान होते. १८ डिसेंबर २०२३ रोजी प्रमुख दूरसंचार कंपन्यांनी शासनासोबत एका सनदेवर स्वाक्षऱ्या केल्या आणि ग्राहकाचे साधन नव्या जोडणीवर चालते याची खात्री झाल्याखेरीज सक्तीने बदल न करण्याचे मान्य केले. मे २०२४ मध्ये ही मुदत ३१ जानेवारी २०२७ पर्यंत वाढविण्यात आली. कोणत्या घरात टेलिकेअर आहे याची एकत्रित नोंद दूरसंचार कंपन्यांकडे नव्हती. ती स्थानिक प्रशासने व सेवा पुरविणाऱ्या संस्था यांच्याकडे विखुरलेली होती. शेजारच्या वॉर्डनला जे सहज ठाऊक असे, ते शोधून काढण्यासाठी आता राष्ट्रीय पातळीवर प्रयत्न करावे लागले.

७. भारतीय संदर्भ

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षांवरील व्यक्तींची संख्या सुमारे १०.४ कोटी, तर महाराष्ट्रात सुमारे १.११ कोटी होती. २००७ च्या पालक व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने निर्वाहाचे दायित्व प्रामुख्याने अपत्ये व वारसांवर ठेवले आहे. २०२१ मध्ये ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय मदतवाहिनी सुरू झाली. परगावी वा परदेशी असलेल्या अपत्यांनी आई-वडिलांच्या घरी कॅमेरे व संवेदक बसविण्याचा मार्ग आपल्याकडेही खुला झाला आहे. अशा वेळी ब्रिटनच्या अनुभवातून घ्यावयाचा बोध यंत्राच्या निवडीपुरता नाही. सूचना मोबाइलवर आल्यानंतर त्या घराचे दार उघडण्यास कोण जाणार, हे यंत्र घेण्यापूर्वीच ठरलेले असावे, हा तो बोध होय.

निष्कर्ष

१) १९४८ नंतरच्या ब्रिटनमध्ये संकट-सूचनेची साधने उत्तरोत्तर प्रगत होत गेली, त्याच प्रमाणात प्रतिसाद देणारी व्यक्ती घरापासून दूर जात राहिली.
२) साधनांच्या प्रसारामागे ज्येष्ठांच्या स्वातंत्र्याइतकीच शासकीय खर्चात बचत करण्याची अपेक्षा होती. २०१३ व त्यानंतरच्या प्रमुख चाचण्यांतून या अपेक्षेस पुष्टी मिळाली नाही.
३) साधनाचा वापर हा व्यक्तीचा स्वाभिमान, भीती आणि एकाकीपण यांच्याशी निगडित असतो. ज्याला आपल्या हाकेचे काय होईल याविषयी विश्वास आहे, तोच हाक मारतो.
४) २०२३ मधील घटनांनी हे दाखवून दिले की, ज्येष्ठांचे तथाकथित स्वतंत्र जीवन वीज, तार, नोंदवही आणि माणसे यांच्या एका अदृश्य साखळीवर अवलंबून असते. त्या साखळीची जबाबदारी कोणा एकाकडे निश्चित नसेल तर सर्वांत दुर्बल व्यक्तीलाच तिची किंमत मोजावी लागते.

सारांश, एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठाच्या स्वातंत्र्याचा इतिहास हा परस्परावलंबनाचा इतिहास आहे. साधनामुळे हाक दूरवर पोहोचते. परंतु पडलेल्या माणसाला हात देऊन उठविण्यासाठी कोणीतरी त्या घरापर्यंत चालत जावेच लागते.